दाराआडचं चित्र

नदीकाठच्या एका गावात अंबाजी नावाचा एक चितारी राहत होता. त्याचा हात असा की, त्यानं कावळा काढला तर बायका भाकरी झाकून ठेवत. निदान अंबाजी तरी असं सांगे.

गावात चित्रं काढणारे तो धरून पाच जण होते. माघात सुगी आटोपली की पाचही जण मिळून धर्मशाळेत आपल्या चित्रांचं प्रदर्शन मांडत. त्यांच्या गुरूंनी रीत घालून दिली होती, चित्र गावाच्या शिवेच्या आतलं हवं. अप्सरा नकोत, राजवाडे नकोत, समुद्र तर नकोच, पाहिलाय कुणी? दारचा शेवगा काढा, पाणवठा काढा, उकिरड्यावरचा कोंबडा काढा. रोज डोळ्यांसमोर असतं तेच माणसानं नीट पाहिलेलं नसतं, असं गुरूंचं म्हणणं.

दुसरी रीत याहून कडक होती. आपलं चित्र आपण टांगायचं नाही. आदल्या दिवशी मंडळातले सगळ्यांत वडील दाजिबा प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याचं चित्र फडक्यात गुंडाळून देत. ज्यानं त्यानं एकट्यानं आत जायचं, दार लावून घ्यायचं, जागा निवडायची आणि चित्र टांगून मुकाट बाहेर यायचं. कुणाचं चित्र टांगलं ते बोलायचं नाही. एकदा टांगलेलं चित्र प्रदर्शन उठेपर्यंत कुणी हलवायचंही नाही. "स्वतःच्या पोराला कुणीही कडेवर घेतं," गुरू म्हणत, "दुसऱ्याचं घ्या, मग बघू." त्यांच्या मागंही ही रीत बिनबोभाट चालत आली होती.

त्या वर्षी मात्र अंबाजीची झोप उडाली होती. राणीसरकारांनी नवं नाट्यगृह बांधलं होतं. त्याच्या भिंती अजून कोऱ्या होत्या, आणि त्या कुणी रंगवायच्या हे राणीसरकार यंदाचं प्रदर्शन पाहून ठरवणार होत्या. कापडावरचं चित्र उंदराच्या मर्जीवर जगतं. भिंतीवरचं चित्र नातवंडं बघतात. अंबाजीची पन्नाशी उलटली होती आणि एक भिंत मिळावी एवढीच त्याची इच्छा उरली होती. त्यानं मोठ्या कष्टानं नदीवरचं पहाटेचं धुकं काढलं होतं.

मंडळात यंदा सहावी म्हणून एक नवी बाई आली होती. तुळसा तिचं नाव, कुंभाराची सून. बेंदराच्या सणाचे मातीचे बैल रंगवता रंगवता तिचा हात वळला होता. दाजिबांनी तिला आपण होऊन बोलावलं. तिची सासू कोंडाबाई काही वाईट नव्हती, पण घरात कामाचा रगाडा होता. तिनं पाणवठ्यावर चारचौघींत सांगून टाकलं, "यंदा मांड म्हणलं एकदा. कुणी उभं राहून बघितलं तर फुडं काढ. न्हाई बघितलं, तर कुंचलं चुलीत घालायचं आन् माती मळायला बसायचं." हे साऱ्या गावाला ठाऊक झालं. अंबाजीलाही ठाऊक होतं.

चित्रं टांगायचा दिवस आला. एकेक जण आत जाऊन आला. शेवटी दोघंच उरले, अंबाजी आणि तुळसा. आधी अंबाजी आत गेला.

त्यानं दार लावलं आणि भिंतींवरून नजर फिरवली. चार चित्रं लागली होती. त्यांत त्याचं धुकं नव्हतं. म्हणजे ते बाहेर तुळसेच्या हातात होतं. त्यानं आपल्या हातातल्या चित्राचं फडकं सोडलं.

चित्र तुळसेचं होतं. न्हाणीचं पाणी परसात जिथं जातं, तिथली ओली जागा. एक घासायचा दगड, कोंबड्यांचं उलटं घातलेलं डालगं, आणि अळू. बस्स. पण अळूच्या एका पानावर पाण्याचा थेंब होता आणि तो आता घरंगळेल, मग घरंगळेल असं वाटत होतं. अंबाजीनं नकळत चित्र सरळ धरलं, थेंब सांडू नये म्हणून. मग तो स्वतःवरच चिडला. त्यानं आयुष्यात कितीदा तरी अळू काढला होता. असा थेंब त्याला एकदाही साधला नव्हता.

भिंतीवर तीन खुंट्या रिकाम्या होत्या. एक खिडकीपाशी, भरपूर उजेडात. दरवर्षी तिथलं चित्र लोक सगळ्यांत आधी बघत. दुसरी मधल्या भिंतीवर, पण त्या भिंतीला ओल येऊन तांबूस डाग पडले होते. तिसरी दाराच्या बाजूला. दार लावलेलं असलं की ही जागाही झकास दिसे. पण प्रदर्शनाच्या दिवशी दार सताड उघडं असतं आणि त्याची जाड फळी नेमकी त्या भिंतीवर येऊन टेकते. जुन्या पाचांना हे माहीत होतं. तुळसेला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

खिडकीची खुंटी या चित्राला दिली, तर आपल्याला काय राहील? अंबाजीनं पुन्हा दाराबाजूला पाहिलं. 'चित्र लहान आहे,' तो मनाशी म्हणाला, 'लहान जागा पुरेल. आणि कुठली तरी खुंटी निवडायचीच आहे की!' माणसाला स्वतःची समजूत घालायला वेळ लागत नाही. त्यानं अळूचं चित्र दाराबाजूच्या खुंटीला अडकवलं आणि बाहेर आला.

"जा," तो तुळसेला म्हणाला, "खिडकीची खुंटी मोकळी आहे हो." आणि कधी नव्हे ते हसला.

तुळसा आत गेली. दार लावताच तिला आपलं चित्र दिसलं, चांगलं ऐसपैस टांगलेलं. तिचे डोळे भरून आले. कुणी तरी आपल्याला एवढी चांगली जागा दिली, मग आपणही या चित्राला मनापासून जागा द्यायची, असं तिनं ठरवलं. अंबाजी घरी जाऊन जेवला, वामकुक्षी करून परत आला, तरी ती बाहेर आली नव्हती. 'धांदरट पोर,' तो म्हणाला. 'एक चित्र टांगायला किती वेळ!'

सकाळी दाजिबांनी दार उघडलं. फळी कुरकुरत भिंतीवर टेकली आणि अळूचं चित्र झाकून गेलं.

अंबाजी सगळ्यांच्या पुढं आत शिरला आणि जागीच थांबला. खिडकीची खुंटी रिकामी होती. कोवळं ऊन नुसत्या भिंतीवर पडलं होतं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या खुंटीसाठी त्यानं हे सगळं केलं, ती तशीच ठेवली होती या बयेनं! रागारागानं आपलं चित्र शोधत तो मधल्या भिंतीकडे वळला.

तिथं त्याची नदी होती. पण आज ती वेगळीच दिसत होती. भिंतीवरचे तांबूस डाग नाहीसे झाले होते. चित्राभोवती हात-दीड हात नवा चुना दिला होता, आणि चित्रातलं धुकं चौकटीबाहेर येऊन त्या पांढऱ्या भिंतीत विरत चाललंय असा भास होत होता. उजेड होता, पण बाजूनं येणारा, मऊ. अंबाजीला एकदम उमगलं. खिडकीतल्या भगभगीत उन्हानं त्याचं धुकं खाऊन टाकलं असतं. हे त्याला स्वतःला सुचलं नव्हतं. तिनं चित्र घेऊन प्रत्येक भिंतीपाशी उभं राहून पाहिलं असणार. तो तिथंच खिळून राहिला आणि त्याला फार लाज वाटली.

एव्हाना लोक येऊ लागले होते. तुळसा सासूला घेऊन आली. तिच्या कोपरावर चुन्याचा वाळलेला पांढरा ओघळ अजून तसाच होता. उंबऱ्यातून आत पाऊल टाकलं आणि तिचा चेहरा उतरला.

"कुठाय तुझं चित्र?" कोंडाबाई म्हणाली.

"दाराआड हाय, आत्ती."

कोंडाबाईनं फळीमागं डोकावून पाहिलं. तिथल्या अंधारात तिला काही दिसलं नाही. ती सुनेला टाकून बोलली नाही, हेच तुळसेला जास्त लागलं. दुपारपर्यंत दोघी तिथं थांबल्या. कुणीही तिकडे फिरकलं नाही.

दुपारी राणीसरकार आल्या. बैल पाहिले, पाणवठा पाहिला, शेवगा पाहिला, आणि धुक्यापुढं थांबल्या त्या थांबल्याच.

"पहाटे नदीवर गेल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. "अंगाला गारवा लागतो. दाजिबा, आमच्या भिंतींना हा हात हवा."

हे शब्द ऐकण्यासाठी अंबाजी आयुष्यभर थांबला होता. आता ते कानांवर पडले, आणि त्याचं लक्ष दाराकडे होतं. कोंडाबाई सुनेला म्हणत होती, "चल बाई. माती भिजत घातलीया." दोघी पायरी उतरू लागल्या.

"सगळी चित्रं झाली ना पाहून?" राणीसरकारांनी विचारलं.

दाजिबा घुटमळले. दाराआड चित्र आहे हे त्यांना सकाळीच कळलं होतं, पण टांगलेलं हलवायचं नाही अशी रीत. ते खाली बघू लागले. बाकीचेही गप्प. अंबाजीला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहण्याला कुणी पाप म्हणत नाही, आणि त्यानं काय केलं हे कधीच कुणाला कळणार नव्हतं. भिंत त्याला मिळालेलीच होती.

"नाही सरकार," तो म्हणाला. "एक राहिलंय."

गर्दीतून वाट काढत तो दारापाशी गेला. "तुळसे, थांब!" त्यानं बाहेर हाक दिली, मग दोन्ही हातांनी फळी ओढली आणि दार लावून घेतलं. तेवढ्यात तुळसा आणि कोंडाबाई मिटत्या दारातून कशाबशा आत शिरल्या.

अळूवरचा थेंब उजेडात आला. माणसं पुढं सरकली. मग एक बाई म्हणाली, "अगं बाई, हे तर आमचं परसू!" दुसरी म्हणाली, "तुझं कशाचं? आमचं!" बघता बघता त्या चित्रापुढं ही गर्दी झाली. कोंडाबाई कोपरानं लोकांना सारत पुढं गेली. तिनं थेंबाकडे बोट नेलं आणि झटकन मागं घेतलं. "वलं न्हाई व्हय हे?" ती म्हणाली, आणि सुनेकडे बघतच राहिली.

"हे दाराआड कुणी टांगलं?" राणीसरकारांचा आवाज कडक झाला.

"सरकार, ते सांगायची रीत नाही," दाजिबा पुटपुटले.

"मी टांगलं," अंबाजी म्हणाला.

"का? चांगलं नव्हतं?"

"फार चांगलं होतं, सरकार. म्हणून."

दाजिबांनी कपाळाला हात लावला. पण अंबाजी थांबला नाही. "आणि माझं चित्र हिनं टांगलंय. भिंतीला चुनाही हिनंच दिला. तुम्हाला जो गारवा लागला, त्यात निम्मा हिचा आहे." सगळ्या रिती त्यानं एका दमात मोडल्या.

तुळसा त्याच्याकडे पाहत होती. तिला राग आला नव्हता. आला असता तर अंबाजीला सोसला असता. ती एवढंच म्हणाली, "तात्या, मला वाटलं, माझं चित्रच तसलं आसंल. पुन्हा कुंचला धरायचा न्हाई, असं मनात पक्कं केलं हुतं मी."

अंबाजीला भिंत गेल्याचं दुःख होईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. आपण एका खुंटीसाठी एका माणसाचा हात कायमचा थांबवत होतो, याचं दुःख झालं, आणि ते फार मोठं होतं.

राणीसरकारांनी बराच विचार केला. मग म्हणाल्या, "नाट्यगृह मोठं आहे. एका हातानं रंगायचं नाही. सहाही जण या. मात्र कुणाला कोणती भिंत द्यायची, ते तुळसा ठरवेल."

पुढच्या आठवड्यात सहाही जण नाट्यगृहात गेले. तुळसा प्रत्येक भिंतीपुढं उभी राहिली. सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं, पडदे उघडून पाहिलं, लावून पाहिलं. अंबाजी मान खाली घालून मागं चालत होता. रंगमंचाच्या मागं, दोर आणि पडद्यांचं सामान ठेवायची एक काळोखी खोली होती. तिथं येताच तो म्हणाला, "पोरी, मला ही भिंत दे. मला हीच शोभते."

तुळसेनं मान हलवली. ती त्याला बाहेर घेऊन आली, सभागृहात शिरताच समोर दिसणाऱ्या मोठ्या भिंतीपाशी. बाजूच्या झरोक्यातून तिथं मऊ उजेड येत होता.

"नदी हितं काढा, तात्या," ती म्हणाली.

"अगं, पण मी तुझ्याशी कसा वागलो..."

"तुम्ही वागला. चित्राचा काय दोष?"

अंबाजी त्या भिंतीपुढं उभा राहिला. लहानपणापासून मागितलेली जागा त्याला मिळाली होती, आणि वर बघायची त्याला हिंमत होत नव्हती. तो खाली बसला आणि रडला. मग उठला, पदरचा चुना कालवला आणि आधी तुळसेच्या वाट्याची भिंत पांढरी करायला गेला.

तात्पर्य: आपला हात किती चांगला, हे आपल्या कामात दिसतं, आपण किती चांगले, हे दुसऱ्याचं काम आपल्या हाती आलं म्हणजे दिसतं.