मंत्र्याच्या हातातलं पुस्तक

“पुस्तक समोर उघडं असताना कुणी नापास कसं होतं, सर?”

अन्विता शिर्के अंगणाच्या कडेला उभी राहून विचारत होती. सायकल स्टँडवर लावायचंही तिला सुचलं नव्हतं.

मुकादम सर उन्हात पसरलेल्या सुपाऱ्या पायाने परतत होते. त्यांनी जन्मभर गावच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर वाडीतली सुपारी आणि अभ्यासात अडलेली पोरं, एवढेच दोन उद्योग त्यांना उरले होते.

“कोण नापास झालं?”

“मी.”

सरांचे पाय थांबले. ही बातमीच होती. पाठांतरात अन्विताचा हात धरणारं नववीत कुणी नव्हतं, आणि हे ती कुणाला विसरूही देत नसे.

शाळेने यंदा राज्यशास्त्राची परीक्षा पुस्तक उघडं ठेवून घ्यायचं ठरवलं होतं. विषय होता आपली संसदीय शासनपद्धती. ‘ही ढ मुलांची सोय आहे,’ असं अन्विता भर वर्गात म्हणून बसली होती. मग सराव चाचणी झाली. तिला वीसपैकी सहा मिळाले, आणि त्या ढ मुलांतल्या एकाला चांगले पंधरा.

खरी परीक्षा सोमवारी होती. जो पहिला येईल तो जिल्ह्याच्या विद्यार्थी संसदेत शाळेतर्फे जाणार होता. आपणच जाणार, असं तिने घरी, आळीत आणि मामाला फोन करूनसुद्धा सांगून टाकलं होतं.

“तयारी काय केलीस?” सरांनी विचारलं.

तिने दप्तरातून पुस्तक काढलं. त्याच्या तिन्ही बाजूंनी रंगीत कागदाच्या पट्ट्या बाहेर आल्या होत्या. राष्ट्रपतींच्या पिवळ्या, पंतप्रधानांच्या गुलाबी, लोकसभेच्या हिरव्या, राज्यसभेच्या निळ्या. एकही पान खुणेवाचून सुटलं नव्हतं.

“कुठलंही विचारा,” ती म्हणाली.

“अविश्वासाचा ठराव.”

पान उघडलं. तिने वाचून दाखवलं.

“शून्य प्रहर.”

तेही वाचलं. सरांचा शब्द पुरा होईतो तिचं बोट नेमक्या ओळीवर गेलेलं असे.

“हात चपळ आहे तुझा,” सर म्हणाले.

तिला ते कौतुक वाटलं. “मग गुण का नाही मिळाले?”

सर पाय झटकून पडवीत आले. शाळेने मोडीत काढलेले दोन बाक तिथे समोरासमोर मांडलेले होते. एकावर ते बसले आणि त्यांनी हात पुढे केला.

“दे ते पुस्तक. तू त्या बाकावर बस.”

ती बसली.

“मी मंत्री. ही माझी फाईल. अधिकाऱ्यांनी सगळं भरून दिलंय, खुणांसकट. तू विरोधी बाकावरची. प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला. विचार.”

अन्विताला हा पोरखेळ वाटला. सोमवार तोंडावर आलेला, आणि म्हातारा खेळायला बसलाय. पण मुकादम सरांना नाही म्हणायची गावात पद्धत नव्हती.

“मंत्रिमंडळाची सामूहिक जबाबदारी म्हणजे काय?”

सरांनी एक पट्टी धरून पान काढलं. “‘मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते.’”

“बरोबर.”

“बरोबर म्हणून विरोधक गप्प बसत नाहीत गो. उपप्रश्न विचार.”

तिने थोडा विचार केला. “एखाद्या मंत्र्याला निर्णय पटला नाही तर?”

दुसरी पट्टी. “‘ज्या मंत्र्यास निर्णय मान्य नसेल, त्याने राजीनामा द्यावा.’”

“आणि नाही दिला तर?”

“‘ज्या मंत्र्यास निर्णय मान्य नसेल, त्याने राजीनामा द्यावा.’”

“ते ऐकलं मी. नाही दिला तर, असं विचारतेय.”

“‘मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते.’”

“सर, तुम्ही उत्तर देतच नाही आहात. नुसतं वाचताय.”

बोलली, आणि स्वतःचेच शब्द तिला ऐकू आले.

तिचे कान तापले. चाचणीच्या पेपरात तिने पानंच्या पानं उतरवून काढली होती, एका शब्दाची चूक न करता. तिला सरांचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला.

सरांचा चेहरा मख्ख होता. मंत्री शोभत होते अगदी.

“सन्माननीय सदस्यांचे प्रश्न संपले का?”

“नाही.”

ती उभी राहिली. आता तिला सोमवार आठवत नव्हता.

“समजा, एक मंत्री आहे. त्याच्या भागात खाडीवरचा पूल अर्धा राहिलाय. लोक होडीतून पलीकडे जातात, आजारी माणसंसुद्धा. मंत्रिमंडळाने दुसराच कसलातरी वाईट निर्णय घेतला. हा बैठकीत त्याच्या विरोधात बोलला, पण कुणी ऐकलं नाही. राजीनामा दिला तर पूल अर्धाच राहील, म्हणून दिला नाही. बाहेर येऊन लोकांना सांगितलं, निर्णय चांगला आहे.”

“पुढे?”

“पूल झाला. मग तो लोकांशी खोटं बोलला, की त्याने लोकांचं काम केलं? आणि हे ठरवायचं कुणी? लोकसभेने, की होडीतल्या माणसांनी?”

सरांनी एक हिरवी पट्टी धरली. सोडली. गुलाबी धरून पान काढलं, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, पुन्हा मागे गेले. मग निळी…

अन्विता उभीच होती. अंगणात सुपारीवर कावळा उतरला, तरी सरांनी त्याला हाकललं नाही.

अखेर त्यांनी पुस्तक मिटलं आणि मांडीवर ठेवलं.

“खेळ राहू दे, सर,” ती म्हणाली. आवाज खाली आला होता. “खरंच विचारतेय. याचं उत्तर काय?”

“मला नको विचारू,” सर म्हणाले. “माझ्याकडे नुसतं पुस्तक आहे.”