गोदाक्काची टिचकी

मुंग्यांचं बोलणं माणसांना कळायचं, तेव्हाची गोष्ट. वारुळाच्या दारावर सगुणा मुंगी राखण करायची. मिशीची एक टिचकी ही आत शिरायची जुनी खूण. ती खूण एक कोळी शिकला, म्हणून राणीनं अवघड ठेक्याची नवी खूण ठरवली. पण म्हाताऱ्या गोदाक्काला जुनीच यायची, म्हणून सगुणा एका टिचकीलाही दार उघडायची.

एकदा टिचकी वाजली. सगुणानं दार उघडलं, तर समोर कोळी! मागून दाणा घेऊन आलेल्या गोदाक्कानं त्याला कडकडून चावा घेतला, तेव्हा कुठे तो पळाला.

“माझ्या लाडापायी त्या मेल्याला वाट देतेस होय?” गोदाक्का कडाडली. “आता ठेका चुकला, तर मलाही आत घेऊ नकोस.”

गोदाक्का नऊ वेळा चुकली. सगुणानं डोळे पुसले, पण दार उघडलं नाही.

दहाव्यांदा ठेका जमला. “या, आक्का!”