विहीणबाईंचा पंखा

एका गावात एक भोळा ड्रायव्हर होता. नाव गुणाजी. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. सगळा घोटाळा तिथेच होता.

गुणाजी भाऊसाहेबांची गाडी चालवायचा. भाऊसाहेबांच्या मुलीचं, शलाकाचं, लग्न तीन दिवसांवर आलं होतं. साखरपुड्यात सरबत कोमट निघालं म्हणून विहीणबाई भरल्या ताटावरून उठल्या होत्या. तेव्हापासून भाऊसाहेबांना झोप नव्हती.

"गुणाजी, स्टेशनवरनं विहीणबाईंना एसीत आणायचं. त्यांना घाम फुटला की लग्न मोडलंच समज."

पण गाडीची एक खोड होती. एसी लावला की इंजिनापुढचा पंखा फिरायचा नाही. मग काटा लाल रेघेवर आणि बॉनेटमधून वाफ.

गुणाजीने गाडी रज्जाक मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री म्हणाला, "एसी लावला की आधी पंखा फिरतोय का बघायचं. फिरत नसंल तर जागचं हलायचं न्हाई."

"बरं," गुणाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याला विहीणबाईंचा शालू आणायला पाठवलं. दुकानात एसी होता. गुणाजीने वर पाहिलं. छताचा पंखा बंद. तो खाली बसला. दुकानदाराने तीनदा चहा दिला, चौथ्यांदा पाणीसुद्धा विचारलं नाही. संध्याकाळी एसी बंद झाला, शटर खाली आलं, तेव्हा गुणाजी उठला आणि हात हलवत घरी आला.

भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला आणि शालूसाठी दुसऱ्याला धाडलं. मिस्त्री मात्र पोट धरून हसला. "आरं, ते गाडीपुरतं! आन् पंखा अडला तर नुसतं बसून ऱ्हायचं न्हाई. पान्यानं हलकाच टोला द्यायचा. चालू हुतो."

"बरं," गुणाजी म्हणाला.

तिसऱ्या दिवशी घरी पूजा होती. मंत्र म्हणता म्हणता गुरुजी अडले, गोत्र आठवेना. गुणाजी मागेच उभा होता. पाना खिशात होता. टोला हलकाच होता, पण गुरुजी वयस्कर होते. त्यांना गोत्र आठवलं, बाकीची पूजा मात्र विसरली.

"माणसाला टोला?" मिस्त्री ओरडला. "टोला बंद! हे बघ. जे बंद पडलंय ते काढायचं, त्याच मापाचं चालू असलेलं लावायचं. जागेवर बसलं म्हंजे झालं." त्याने पंख्याला वीज सोडणारी काळी डबी उपटली आणि हॉर्नची तशीच डबी तिथे बसवली. पंखा गरगर फिरू लागला. "हॉर्नला नवी डबी उद्या घालू."

"बरं," गुणाजी म्हणाला.

उद्या लग्नच होतं. डबी कोण आणतो?

विहीणबाई स्टेशनवर गाडीत बसल्या. हिरवी साडी, अंगाने भरलेल्या. एसी गार होता, पंखा फिरत होता. फक्त हॉर्न नव्हता. वाटेत शेळी आली की गुणाजी काच खाली करायचा, डोकं बाहेर काढायचा आणि ओरडायचा, "पीप पीप!" ऊन धाडकन आत यायचं. त्या रस्त्याला शेळ्या फार.

"काच वर करा आधी!" विहीणबाई म्हणाल्या.

"मग वरडू कुठनं?"

अकराव्या शेळीला विहीणबाईंना घाम फुटला. "थांबवा गाडी! मी एक पाऊल पुढे येणार नाही." त्या उतरल्या आणि मैलाच्या दगडावर बसल्या, त्या बसल्याच.

मुहूर्ताला अर्धा तास उरला होता. गुणाजीने नीट विचार केला. विहीणबाई बंद पडल्यात. टोला द्यायचा नाही. समोर एसटीच्या थांब्यावर एक बाई उभ्या होत्या. हिरवी साडी, अंगाने भरलेल्या.

"मावशी, लग्नाला येता का? गाडीत एसी हाय."

"गार हाय का?"

"पंखा फिरतोय."

मावशी बसल्या.

कार्यालयाच्या दारात शलाकाच्या आईने विहीणबाईंचे पाय धुतले. पाय धुणाऱ्याची नजर पायांवर असते. मग घाईघाईत ओटी झाली, शालू झाला. मावशी एका शब्दाने रुसल्या नाहीत. भाऊसाहेबांचा जीव भांड्यात पडला. मान खाली घालून, हात जोडून ते म्हणाले, "विहीणबाई, आमचं काही चुकलं तर नाही ना?"

"छे हो," मावशी म्हणाल्या. "माझी इट्याला जायची एसटी तेवढी चुकली."

भाऊसाहेबांनी मान वर केली. तेवढ्यात नवरदेव धावत आला. "ह्या कोण? माझी आई कुठंय?"

"बंद पडल्या," गुणाजी म्हणाला. "काढून दगडावर ठेवल्यात. ह्या त्याच मापाच्या. बघा की, बरोबर बसल्या."

शलाकाच्या आईला रडू कोसळलं. आत मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ झाली. नवरदेवाने मुंडावळ्या काढून खुर्चीवर टाकल्या आणि तिथेच बसकण मारली. "आई आल्याशिवाय मी हलणार नाही!"

गुणाजीने त्याला खालून वर न्याहाळलं. मग मांडवावर नजर फिरवली, मुंडावळ्या उचलल्या आणि चालू लागला.

फोटोग्राफर अगदी त्याच मापाचा होता.