चार आळ्यांचं एकमत

"उद्या सूर्य मावळायच्या आत चारी आळ्यांचं माझ्यासमोर एका तरी गोष्टीवर एकमत झालं पाहिजे. नाही झालं, तर चौकात भिंती घालतो. आणि कुणी दुसऱ्या आळीला नाव ठेवलं, तर भिंत त्याच क्षणी!"

एवढं बोलून राजा धवलसेन पालखीत बसला. तांबट, रंगारी, गवळी आणि मोमीन विणकर यांच्या रोजच्या भांडणांनी त्याचं डोकं उठलं होतं. त्यात राजाचा हट्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चौकात धुरपदेची फुटाण्यांची भट्टी होती आणि गिऱ्हाईक चारी आळ्यांचं. भिंती आल्या की भट्टी विझलीच!

पण धुरपदा रडत बसणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना चौकात जमवलं, पसापसा गरम फुटाणे हातावर ठेवले आणि बजावलं की दुसऱ्याला नाव ठेवायला बंदी आहे, स्वतःला ठेवायला नाही. तेव्हा ज्यानं त्यानं आपल्याच आळीचे दोष सांगायचे, आणि खरे सांगायचे.

राजा येऊन बसला. पहिला विसोबा तांबट उठला.

"आम्ही भांडी ठोकून ठोकून बहिरे झालोय. म्हणून ओरडून बोलतो."

"म्हणजे वीस वर्षं तुम्ही मला शिव्या देत नव्हता?" गोदूबाई रंगारीण म्हणाली.

"नाही हो, तब्येत विचारत होतो!"

मग राणोजी गवळ्यानं कबूल केलं, की पाहुण्याला दुसऱ्यांदा आग्रह करायची त्यांच्यात रीत नाही. नको म्हणजे नको. हे ऐकून कासमचाचा विणकर ताडकन उभे राहिले.

"आमच्यात दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ताट ओढायचं! राणोजी, तुझ्या लेकीच्या लग्नातून मी उपाशी घरी गेलो रे!"

चौक पोट धरून हसला. मग काय, अहमहमिकाच लागली. रंगारी म्हणाले, आमच्या सांडपाण्यानं तुमच्या म्हशी निळ्या होतात. गवळी म्हणाले, होऊ द्या, रुबाबदार दिसतात. कुणी स्वतःला चिक्कू म्हटलं, तर समोरची आळी उठून सांगे, साफ खोटं, आमच्या सुनेच्या बाळंतपणात तूप कुणी पाठवलं होतं?

राजानं मिशीतलं हसू दाबलं. "हे सगळं ठीक. पण एकमत कुठाय? सूर्य टेकला."

धुरपदेनं पदर सावरला. "महाराज, चौकात बसलेल्या प्रत्येकानं आपला दोष सांगितला. तुमचाच राहिला."

"माझा?" राजानं आठवून पाहिलं. "असलाच तर एक. मी जरासा हट्टी आहे."

आणि कुणीतरी उठून 'छे छे, महाराज' म्हणेल म्हणून तो थांबला.

कुणी उठलं नाही. विसोबा पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. गोदूबाईनं तोंडात पदर कोंबला. कासमचाचांनी दाढी कुरवाळली. राणोजी तर श्वासच घेईना.

धुरपदेनं हात जोडले. "महाराज, झालं चारी आळ्यांचं एकमत!"

क्षणभर राजाचा चेहरा लाल झाला. मग तो असा हसला, की पगडी घरंगळून मांडीवर आली. त्यानं अंगावरचा भरजरी शेला धुरपदेला दिला, भट्टीची जागा पिढ्यान्‌पिढ्या तिच्या नावे करून दिली आणि दर साल चौकात येऊन स्वतःचा एक नवा दोष सांगायचं कबूल केलं. ते व्रत त्यानं मरेपर्यंत मोठ्या हट्टानं पाळलं.