पेटीची तीट

खूप जुन्या काळी, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही, तेव्हा आपणही ते शोधत बसायला नको. त्या गावात एक बहीण आणि एक भाऊ राहत. बहीण थोरली, तिला सारं गाव अक्का म्हणे. वडिलांच्या मागं तीच वैद्यकी करी. भाऊ धाकटा आणि चितारी. देवळाचा रथ असो की लग्नातला पाट, त्याचा कुंचला फिरला की लाकूड बोलायला लागे.

वडील गेले ते दोघांना मिळून एक पेटी ठेवून. शिसवीची, छातीइतकी उंच, लहान लहान खणांची. प्रत्येक खणात एक औषध. सगळे खण एकाच मापाचे. फक्त खालच्या ओळीतल्या एका खणावर काजळासारखा काळा ठिपका होता. दृष्ट लागू नये म्हणून आई तान्ह्याच्या गालावर तीट लावते ना, अगदी तसा. घरातले त्याला पेटीची तीट म्हणत, आणि पाहुणे कौतुकानं हसत.

पेटी आता जुनी झाली होती. तेलकट हातांनी काळवंडली होती. चितारी जाता-येता तिच्याकडं पाही आणि त्याला वाईट वाटे. गावातल्या घराघरांतलं लाकूड आपण सजवलं, आणि बापाची पेटी तेवढी अशी कळकट राहिली.

एकदा अक्का शेजारच्या गावी बाळंतपणाला गेली. चितारीनं रंग घोटायला घेतले.

"वन्संना विचारलंत का?" मांडीवरच्या मुलीला थोपटत बायको म्हणाली.

"विचारलं तर ती नको म्हणेल. ती प्रत्येक गोष्टीला आधी नको म्हणते."

"मग नकोच असेल."

"अगं, पेटी माझ्याही बापाची आहे. तिला असा धक्का देतो, की बघतच राहील."

त्यानं औषधांच्या पुरचुंड्या बाहेर काढल्या. खण मोकळे करून उन्हात मांडले. विटेच्या भुकटीनं पेटी आणि खण घासले. घासता घासता तो काळा ठिपका हाताखाली आला. तो जरा थांबला आणि हसला. "म्हाताऱ्या पेटीला आता कुणाची दृष्ट लागणार?" असं म्हणून त्यानं ठिपकाही घासून काढला.

मग हिरव्या रंगावर आंब्याची डहाळी चढली. डहाळीवर राघू बसले. रंग वाळल्यावर त्यानं पुरचुंड्या परत भरल्या. सुंठ, ओवा, हिरडा नाकानं ओळखू आले. ज्यांना वास नव्हता, त्या जिथं जागा दिसली तिथं गेल्या. अक्का काय, एका नजरेत ओळखेल, असं त्याला वाटलं. बायकोनंही मान्य केलं, की पेटी नव्या नवरीसारखी दिसते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी तापली. अंग असं, की हात ठेववेना. गडी धावत गेला आणि अक्काला घेऊन आला.

अक्का उंबऱ्यातच थबकली. चितारी वाट पाहत होता, ती काहीतरी बोलेल. तिनं पेटीपुढं बसकण मारली आणि खालच्या ओळीवरून बोटं फिरवली. एकदा, मग पुन्हा.

"तीट कुठं आहे?"

"पुसली. अक्का, आधी पोरीचं बघ."

"पोरीचंच बघतेय. तीट कुठल्या खणावर होती?"

"मला काय ठाऊक? खण सगळे सारखेच, पुरचुंड्याही जागा दिसली तिथं भरल्या. कोण आता त्या पेटीला दृष्ट लावायला बसलंय?"

अक्का अगदी हळू आवाजात म्हणाली, "ती दृष्ट लागू नये म्हणून नव्हती रे. दृष्टीला पडावी म्हणून होती. त्या खणात बचनाग असतो."

बचनाग म्हणजे विष, एवढं चितारीलाही ठाऊक होतं. अक्का सांधेदुखीच्या लेपात तो गुंजभर घाली.

"मग त्यावर तसं लिहिलं का नाही?"

"विष म्हणून लिहिलं, तर वाईट बुद्धीचा माणूस आधी तोच खण उघडेल. तीट मात्र आपल्याकडं कुणी पुसत नाही, असं बाबा म्हणायचे."

बाकीच्या पुरचुंड्या तिला ओळखू आल्या, दोन मात्र नाही; त्या तिनं उघडून पुढं ठेवल्या. दोन्हींत तीच करडी पूड. एक अतिविष, नावालाच विष, लेकरांच्या तापावरचं औषध. दुसरी बचनागाची. डोळ्यांना भेद नाही, नाकाला भेद नाही. मागं मुलगी आता रडतही नव्हती, नुसती कण्हत होती.

"जिभेला कळेल," असं म्हणून अक्कानं एका पुडीत बोट बुडवलं.

चितारीनं तिचं मनगट धरलं. "तुला काही झालं तर पोरीला औषध कोण देणार?" आणि तिनं काही म्हणायच्या आत त्यानं स्वतः बोट बुडवून जिभेवर टेकवलं.

आधी काहीच झालं नाही. त्याला हायसं वाटू लागलं. मग ओठांना मुंग्या आल्या. मुंग्या जिभेवर चढल्या, घशात उतरल्या. "अक्का, ही नको," असं त्याला म्हणायचं होतं. तोंडातून नुसता घोगरा आवाज आला. अक्काला तेवढा पुरला. तिनं दुसरी पुडी उचलली, चिमूटभर पूड मधात खलली आणि मुलीला चाटवली. मग भावाला तूप पाजलं, ओकाऱ्या काढायला लावल्या आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. त्याची बायको भिंतीला टेकून उभी होती. आधी लेकीकडं पाहावं की नवऱ्याकडं, हे तिला कळत नव्हतं.

दिवेलागणीला मुलीला घाम फुटला आणि ताप उतरला. चितारी जगला, पण बरेच दिवस अंथरुणाला खिळून होता.

"चूक तुझ्या एकट्याची नाही," अक्का एकदा त्याला म्हणाली. "बाबांनी मला सांगितलं, आणि मी तुला सांगितलं नाही. धाकट्याला काय करायचंय, असं वाटलं."

उठून बसता आलं, तेव्हा त्यानं सगळ्यात आधी लेकीच्या गालावरची तीट बोटानं टिपली आणि पेटीच्या एका खणावर लावली. कुठल्या, ते अक्कानं दाखवलं. घरातल्या प्रत्येकाला बोलावून तीट कशासाठी आहे, हेही तिनं सांगितलं.

राघू आणि डहाळी तशीच राहिली. चितारीच्या जिभेची चव मात्र गेली, ती परत आलीच नाही. म्हातारा होईपर्यंत तो पहिला घास तोंडात घाली, थांबे आणि बायकोला विचारी, "मीठ बरोबर आहे ना गं?"

तात्पर्य: वडिलांनी ठेवलेला डाग पुसण्याआधी तो का ठेवला हे विचारावं, आणि ज्याला ते ठाऊक आहे त्यानं न विचारताही सांगून ठेवावं.