राखून ठेवलेला डाव

“...तर आता तुम्हीच सांगा वस्ताद, या तिन्हीतली कुठली कायमची धरू?”

धोंडिरामने तिन्ही डब्या तालमीतल्या कुस्तीच्या हौद्याच्या कट्ट्यावर ओळीने मांडल्या. एक पांढरी, एक निळी, एक काचेची. शेजारी वही ठेवली.

दस्तगीर वस्तादांनी डब्यांकडे पाहिलं नाही. ते हौद्यातली तांबडी माती बघत होते. सकाळची मेहनत संपून पोरं घरी गेली होती. एकटा सयाजी पहिलवान मागे राहून खोऱ्याने माती उकरत होता.

वारणाकाठच्या या तालमीत धोंडिराम खोत चौदाव्या वर्षी आला होता. आता त्याला एकसष्टावं लागलं होतं. मधली चौतीस वर्षं त्याने फौंड्रीत भट्टीपुढे काढली आणि फोरमन म्हणून बाहेर पडला. उभ्या जन्मात कुणापुढे मान वाकवली नाही, असं तो सांगायचा. ते खरंही होतं. वाकवायचा ती फक्त इथे.

“कशाच्या आहेत?” वस्तादांनी विचारलं.

“ताकदीच्या. म्हणजे पेशींच्या ताकदीच्या.” धोंडिराम पुढे सरकला. “माणसाचं अंग पेशींचं असतं. एकेका पेशीत बारकी भट्टी. वय झालं की भट्टी मंदावते. या गोळ्या तिला कोळसा घालतात. म्हातारपण निरोगी जातं, असं लिहिलंय.”

“कुठं लिहिलंय?”

“डबीवर.”

“आणि डबी विकतो कोण?”

“...ज्यानं लिहिलंय, तोच.”

सयाजी खोरं थांबवून हसला. वस्तादांनी मान वळवताच पुन्हा उकरायला लागला.

“मी नुसतं वाचून बोलत नाही,” धोंडिराम घुश्शात म्हणाला. त्याने वही उघडली. पानांवर पट्टीने आखलेले रकाने होते. “एकेक डबी चाळीस-चाळीस दिवस खाल्ली. रोज पहाटे बैठका मारल्या. नाडी मोजली. सगळं टिपून ठेवलंय.”

“सांग.”

“पांढरीवर अडतीस बैठका. निळीवर एकेचाळीस. काचेच्या डबीवर चाळीस.”

“मग निळी खा. उठ.”

“पण निळी थंडीत खाल्ली, वस्ताद. थंडीत माणूस तसाही जास्त मारतो.”

“आणि काहीच न खाता किती?”

धोंडिरामने एक पान उलटलं. मग आणखी एक. मग वही मिटली.

“ते मोजलं नाही.”

“माझं वय काय?”

“चौऱ्याऐंशी.”

“तीस वर्षं बिडी ओढली. तिचाही एक रकाना आख.”

या वेळी सयाजी हसला नाही. धोंडिरामचा चेहरा बघून त्याने मान खाली घातली.

“चेष्टा करू नका, वस्ताद. मला अजून वीस वर्षं पाहिजेत.”

“कशाला?”

धोंडिराम डब्या पुन्हा ओळीत लावू लागला.

“बोल की.”

“संग्रामसाठी.”

संग्राम हा धोंडिरामचा एकुलता मुलगा. सव्वीस वर्षांचा. जन्मापासून हातापायांत बळ नाही, बोलणं फक्त घरच्यांना कळायचं. सकाळी गादीवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून पुन्हा खुर्चीत. दिवसातून आठ-नऊ वेळा धोंडिराम त्याला उचलायचा. सव्वीस वर्षांत त्यात एकदाही खंड पडला नव्हता.

“त्याचं वजन बावन्न किलो झालंय,” धोंडिराम म्हणाला. “गेल्या महिन्यात न्हाणीत माझा गुडघा मुडपला. दोघंही खाली. लागलं नाही, पण मला उठता येईना. त्याची आई बाजाराला गेली होती. ती येईपर्यंत तासभर तिथंच बसलो. ओल्या फरशीवर... तो माझ्याकडं बघत होता.”

वस्तादांनी पहिल्यांदा डब्यांकडे पाहिलं.

“मी गेलो तर त्याला उचलणार कोण?”

“घरात दुसरं कोणी नाही?”

“बायकोची कंबर गेलीय.”

“भाऊ आहे तुझा. चांगला दणकट आहे.”

“त्याच्या हातात पोरगं ताठ होतं. ओरडतं. त्याला नाही जमत.”

“तू शिकवलंस?”

“त्यात शिकवायचं काय, वस्ताद? ते हाताला कळतं. सांगून समजणार नाही कुणाला.”

“किती वेळा सांगून बघितलंस?”

धोंडिरामने खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला.

“माझं पोरगं आहे,” तो म्हणाला. “मी सांभाळतो. आजवर कुणाला हाक मारली नाही.”

“हं.”

वस्तादांनी पायातल्या वहाणा काढल्या. कट्ट्याला धरून ते हौद्यात उतरले.

“लोक म्हणतात, वस्ताद एक डाव राखून ठेवतो,” ते म्हणाले. “मी तुम्हा पोरांपासून काही राखलं नाही. तू मात्र राखलास. तोही पोटच्या पोराला उचलायचा.”

“वस्ताद, असं कसं बोलता...”

वस्ताद बोलणं ऐकायला थांबले नाहीत. ते खाली बसले. मग एका हाताचा टेका देत सावकाश मातीवर उताणे झाले.

सयाजीच्या हातून खोरं गळून पडलं.

त्या तालमीचा एक रिवाज होता. वस्तादाची पाठ मातीला लागायची नाही. त्याने बसावं, उभं राहावं, पोरांच्या अंगावर पडावं. पण मातीत उताणं व्हायचं नाही. दुपारी डोळा लागला तरी दस्तगीर वस्ताद कट्ट्यावर कुशीवर निजायचे. त्यांना मातीत उताणं पडलेलं आजवर कुणी बघितलं नव्हतं.

“वस्ताद, उठा,” धोंडिराम पुटपुटला. “कुणी बघेल.”

“बघू दे. सयाजी, उचल मला.”

“मी?”

“माझ्या अंगात बळ नाही असं समज. बोलायलाही येत नाही. उचल आणि त्या कट्ट्यावर ठेव.”

सयाजी तीस वर्षांचा गडी, दोन हंगाम आसपासची मैदानं मारलेला. शंभर किलोचा जोडीदार तो सहज हवेत घ्यायचा. त्याने मातीला हात लावून नमस्कार केला, वाकला, वस्तादांचं मनगट धरलं, कमरेखाली हात घातला आणि कुस्तीत खांद्यावर घेतात तसं झटक्यात त्यांना वर ओढलं.

वस्तादांनी अंग सैल सोडलं होतं. त्यांची मान मागे लटकली. एक हात हेलकावत सयाजीच्या तोंडावर बसला. सयाजी बावचळला आणि वस्ताद त्याच्या खांद्यावरून अर्धे घसरले.

“अरे ए! माणूस आहे का पोतं?” धोंडिराम ओरडला आणि वहाणांसकट हौद्यात उतरला. “मान! मान धर आधी!”

“काका, हे पकडच लागू देत नाहीत,” सयाजी धापा टाकत म्हणाला. “समोरचा जोर लावतो तेव्हा त्याच्याच जोरावर उचलतो आम्ही. इथं जोरच नाही.”

“म्हणून तर म्हणतो, खाली ठेव. हळू. हां... आता तिकडून ये. पायाकडून नको, तोंडाकडून. तुझं तोंड दिसलं पाहिजे त्याला.”

सयाजी तोंडाकडून आला.

“आधी सांगायचं. न सांगता हात लावायचा नाही.”

“काय सांगू?”

“उचलतो म्हणून सांग. त्याला कळतं.”

“वस्ताद, उचलतो,” सयाजी म्हणाला.

“आता थांब. छातीकडं बघ. श्वास आत घेतो तेव्हा तो ताठ असतो. सोडतो तेव्हा सैल होतो. सोडला की मग हात. एक मानेखाली, एक गुडघ्याखाली. ओढायचं नाही. छातीला लाव आणि तू उभा राहा. तो आपोआप येतो.”

सयाजीने बघितलं. वस्तादांच्या छातीवरचे पांढरे केस वर झाले, खाली झाले. त्याने हात घातले आणि उठायला लागला.

“कोपर! कोपर आत घे, बरगडीला टोचतंय. ठेव. पुन्हा कर.”

दुसऱ्या खेपेला सयाजीने श्वास चुकवला. धोंडिरामने त्याच्या पाठीत एक रट्टा दिला. तिसऱ्या खेपेला सयाजी ‘उचलतो’ म्हणाला आणि छातीकडे बघत बराच वेळ वाकून राहिला. मग वस्ताद मातीवरून उचलले गेले, अंगाला वजनच नसल्यासारखे. त्यांची मान सयाजीच्या दंडावर टेकली होती. डोळे मिटलेले होते.

सयाजी कट्ट्याकडे वळला.

“थांब,” धोंडिराम म्हणाला. “लगेच चालायचं नाही.”

“का, काका?”

“...उचललं की त्याला हसू येतं. लहानपणापासून. मोठ्यानं नाही, नुसतं तोंडातल्या तोंडात. ते होऊ द्यायचं. मग चालायचं.”

हे त्याने कधी बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटलं नव्हतं.

सयाजी उभा राहिला. धोंडिराम त्या परक्या हातांकडे बघत होता. हात थरथरत नव्हते. एकसष्टाव्या वर्षी त्याचे स्वतःचे थरथरायचे, हे त्याने वहीत कुठे लिहिलं नव्हतं.

“झालं असेल आता,” तो म्हणाला. “चल.”

सयाजीने चार पावलं टाकून वस्तादांना कट्ट्यावर ठेवलं. वस्तादांनी डोळे उघडले. पाठीला चिकटलेली माती त्यांनी झटकली नाही.

“उद्या पोराला घेऊन ये,” ते धोंडिरामला म्हणाले. “सकाळी दहा-बारा गडी असतात इथं. एकेकाला शिकव.”

“ताठ होईल तो, वस्ताद. परका हात आहे.”

“तुझा हात पहिल्या दिवशी त्याच्या ओळखीचा होता?”

धोंडिरामने पायातल्या वहाणा काढल्या. मग त्याने वहाणांतली माती झाडली आणि तसाच उभा राहिला. मनातलं विचारावं की नाही, हे त्याला ठरवता येईना.

“वस्ताद...”

“आता काय?”

“आणि माझं? गोळी कुठली धरू?”

“तुझं काय?” वस्ताद वहाणा पायात सरकवत म्हणाले. “तू आता मेलास तरी चालतंय.”