आधी होडीत ये

"मास्तर, मी होडीतच बसलोय. अजून कुठे यायचं?"

बावतीस मास्तर शेंगदाणे सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "नाही आलास."

"हा मी. ही होडी. हे माझं बूड आणि हे तुमचं फळकुट. आणखी काय पुरावा देऊ?"

मास्तरांनी एक दाणा तोंडात टाकला. सावकाश चावला.

"आधी होडीत ये. मग आत जाऊ."

आत म्हणजे दमेकऱ्याच्या पोटात. दमेकरी हा समुद्रातला एकटा काळा खडक. त्याच्या पोटात एक दालन आहे आणि तिथे पोचायची वाट पाण्याखालून जाते. ती वाट ठाऊक असलेला माणूस जगात एकच, तो म्हणजे बावतीस मास्तर. आणि मास्तरांचा उजवा कान आता दगा देऊ लागला होता. हा मोसम संपला की पाण्यात उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

म्हणजे शार्दूलला ती वाट आता मिळाली तर मिळाली. नाहीतर मास्तरांबरोबरच ती किनाऱ्यावर येऊन बसणार होती, शेंगदाणे सोलत.

मास्तरांविषयी त्या किनाऱ्यावर काय काय सांगतात! एकदा म्हणे नाताळच्या आदल्या दिवशी पाण्यात शिरले ते थेट चर्चच्या मागच्या विहिरीतून वर आले, आणि केसांचा भांगसुद्धा विस्कटला नव्हता. त्यांना पाहिलं की खेकडे तिरके चालायचे सोडून सरळ चालतात. यातलं सगळंच खरं धरू नये. खेकड्यांचं तेवढं खरं आहे.

शार्दूल नाशिकचा. सात समुद्र नाही, तरी चार-पाच समुद्रांच्या तळाशी जाऊन आलेला. पाठीवर एकच टाकी बांधून उतरणारे लोक त्याला बालवाडीतले वाटत. त्याच्या हवेच्या टाक्या दोन, दोन्ही कुशींना एकेक, काखेपासून मांडीपर्यंत. खालच्या टोकाला हूक, वरच्या टोकाला रबरी पट्टा.

तो होडीतच सगळा साज चढवायचा आणि ठणठण वाजत कडेला येऊन पाठमोरा पाण्यात कोसळायचा. परत येताना तसाच, दोन्ही टाक्यांसकट, शिडी चढायचा. टाक्या नडग्यांवर आपटायच्या, शिडी कुरकुरायची, होडी एका अंगाला कलायची.

नारबा तांडेल होडी सांभाळायचा. तो ओरडायचा, "बैल इलो रे गोठ्यात!"

"टाक्या वर दी रे आधी," नारबा रोज सांगायचा. "खाणार नाय मी त्या."

"आपला श्वास आपल्यापाशी बरा," शार्दूल म्हणायचा.

मास्तर मात्र पाण्यात शिरायचे ते अंगावर नुसते पट्टे घालून, रिकाम्या हातांनी. नारबा मागून दोराने त्यांच्या टाक्या सोडायचा. पाण्यात तरंगत मास्तर त्या कुशीला लावायचे, आंघोळीनंतर माणूस सदरा घालतो तशा. कसली ठणठण नाही, की घाई नाही.

शार्दूलला वाटे, म्हातारपण. दुसरं काय.

"सायबानू," नारबाने एकदा त्याला हळूच सांगितलं, "ह्यो खडक श्वास घेता."

शार्दूल इतका हसला की त्याला ठसका लागला.

त्या दिवशी समुद्र फुगला होता. लाटा फुटत नव्हत्या, नुसत्या उचलत होत्या आणि खाली ठेवत होत्या.

शार्दूल खालून वर आला. नेहमीसारखी शिडी धरली. एक पाय पायरीवर टाकला तोच होडी उंच गेली, शिडी हातातून निसटली आणि डावी टाकी त्याच्या गुडघ्यावर अशी बसली, की दिवसाढवळ्या नक्षत्रं दिसली.

पुन्हा धरली. पुन्हा आपटला.

तिसऱ्यांदा बैल गोठ्याकडे निघाला तेव्हा नारबा ओरडला नाही.

होडीच्या कडेवर बावतीस मास्तर पालथे पडले होते. त्यांनी एक हात खाली सोडला होता. तळवा उघडा.

हुश्श, म्हातारा विरघळला, शार्दूलच्या मनात आलं. त्याने आपला हात त्या हातात दिला.

मास्तरांनी तो झटकला.

तळवा पुन्हा उघडा.

"मास्तर, ओढा ना!"

...

तळवा उघडाच.

लाट आली. होडी वर, हात वर. लाट गेली. होडी खाली, हात शार्दूलच्या नाकासमोर. हाताला घाई नव्हती. संध्याकाळपर्यंत तो तसाच राहिला असता.

शार्दूलने तरंगत ठेवणारा पाठीवरचा फुगा हवेने भरला. त्या फुग्याला जोडलेली डाव्या टाकीची नळी सोडवली. मग डावीकडचा हूक काढला, पट्टा सोडला आणि टाकी वर केली. ती गेली. त्याची डावी कूस एकदम परक्यासारखी हलकी झाली.

तळवा पुन्हा उघडा.

उरलेली टाकी उजवीकडची. तिची नळी त्याने पुन्हा तोंडात धरली होती. चार-पाच समुद्रांत फिरला होता, पण पाण्यात असताना ही नळी त्याने कधी दुसऱ्याच्या हाती दिली नव्हती.

एक लाट डोक्यावरून गेली...

त्याने नळी तोंडातून काढली. हूक सोडला. टाकी दिली.

आणि मग शिडी चढायची असते हे तो विसरलाच. इतका हलका तो पाण्यात कधी झाला नव्हता. लाट त्याला उचलत होती, खाली ठेवत होती, झोळीतल्या पोरासारखी. खाली निळं, आणि त्याच्या खाली आणखी निळं. इतकी वर्षं तो पाण्यात उतरत होता, पण पाण्याने त्याला धरलेलं त्याला आज पहिल्यांदा कळलं.

"काय रे," वरून मास्तर म्हणाले, "वस्तीला राहतोस काय?"

तो शिडी चढून आला. शिडी कुरकुरली नाही.  मास्तरांनी शेंगदाण्यांची पुडी पुढे केली.

दुपारी समुद्र निवला. मास्तर उठले.

"चल."

शार्दूल रिकाम्या हातांनी पाण्यात उतरला. नारबाने मागून टाक्या सोडल्या.

दमेकऱ्याच्या बुडाशी काळोख होता. मास्तर पुढे, शार्दूल मागे. वाट अरुंद होत गेली आणि शेवटी उरली एक फट, कपाटाच्या उघड्या दाराएवढीसुद्धा नाही. मास्तरांनी आपल्या टाक्या सोडल्या, पुढे ढकलल्या, नळी तोंडात ठेवून स्वतःही मागोमाग गेले, आणि दिसेनासे झाले.

शार्दूलने बॅटरी धरली. कुशींना टाक्या लावून तिथून मांजरही गेलं नसतं.

फटीतून एक हात बाहेर आला.

तळवा उघडा.

...

शार्दूलने डावी टाकी दिली. मग उजवी सोडली. नळी दातांत, टाकी मास्तरांच्या हातात, आणि नळीच्या मागोमाग तो, दावं धरून नेलेल्या वासरासारखा.

आणि तो वर आला.

वर हवा होती. छत बंद, कुठे भोक नाही, फट नाही. उजेड येत होता खालून. खडकाच्या पायथ्याला बोटाएवढी छिद्रं होती, त्यांतून बाहेरचं ऊन पाण्यात झिरपत होतं आणि सगळं दालन निळं पेटलं होतं. त्याचे हात निळे. मास्तरांची दाढी निळी.

बाहेर लाट ओसरली. आतलं पाणी खाली गेलं, कान मोकळे झाले, आणि बघता बघता सारं दालन धुक्याने भरलं. पुढचे मास्तर दिसेनात.

बाहेर लाट आली. पाणी चढलं, कान दडले, आणि धुकं गेलं. एका क्षणात. जणू कधी नव्हतंच.

पुन्हा धुकं... पुन्हा लख्ख.

खडक श्वास घेत होता.

शार्दूलला हसू आलं नाही. त्याने हात जोडले. कुणाला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याच्या डोळ्यांतलं पाणी समुद्रात मिसळलं. समुद्राला ते कळलं, अशी नारबाची नंतरची साक्ष आहे. तो तेव्हा होडीत घोरत होता.

किती वेळ गेला कोण जाणे.

"मास्तर," शार्दूल कुजबुजला, "आता तरी सांगा. आलो का मी?"

धुकं दाटलं. धुक्यात एक हूक वाजला. मग दुसरा.

धुकं विरलं. बावतीस मास्तरांच्या दोन्ही कुशी रिकाम्या होत्या. आपल्या दोन्ही टाक्या त्यांनी शार्दूलच्या हातांत दिल्या, एकीची नळी तेवढी स्वतःपाशी ठेवून.

"होडी बाहेर आहे," मास्तर म्हणाले. "तू पुढे हो."